घरातला एकच फोन आणि चार वापरणारे

बदलापूर-अंबरनाथच्या वन बीएचकेत फोन दोन-तीन असले, तरी चांगला फोन बहुधा एकच असतो. बाबा लोकलमधून उतरून घरी पोहोचले की तो मुलीकडे जातो, मग आजीकडे भजनांसाठी. लॉकचा पॅटर्न सगळ्यांना पाठ. मग ‘ऑफिसच्या ग्रुपवर हे स्टिकर कोणी टाकलं?’ यावरून रात्रीचं जेवण तापतं. एका फोनवर प्रत्येकाचं स्वतंत्र खातं करण्याची सोय अँड्रॉइडने २०१२ मध्ये टॅबलेटवर आणि २०१४ मध्ये फोनवर आणली. वापर मात्र कमी आणि गैरसमज भरपूर.

पहिला आणि सगळ्यात पसरलेला: दुसरा जीमेल टाकला की वेगळं खातं झालं. नाही झालं. त्याने फक्त दोन टपालपेट्या एकाच घरात आल्या. फोन हातात घेणाऱ्याला दोन्ही उघडता येतात. खरी सोय सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’खाली ‘मल्टिपल युजर्स’ या नावाने असते. तिथे नवा युजर केला की त्याचे अ‍ॅप, फोटो, लॉक सगळं निराळं होतं. घटकाभर फोन मागणाऱ्या पाहुण्यासाठी ‘गेस्ट’ पुरतो.

‘मालकाला बाकीच्यांचं सगळं दिसतं’ हेही खरं नाही. मालक दुसऱ्याचं खातं उडवू शकतो, पण त्यातले फोटो किंवा चॅट वाचू शकत नाही. म्हणून मुलांवर नजर ठेवायला हा मार्ग निरुपयोगी आहे. त्यासाठी गुगलचं ‘फॅमिली लिंक’ वेगळं आहे. फोनची जागा मात्र सगळ्यांत मिळून एकच. मुलीने गेम भरले की बाबांचाही फोन ‘स्टोरेज फुल’ म्हणतो.

आता खरा मुद्दा. ‘वेगळं खातं केलं म्हणजे बँकेचे पैसे सुरक्षित.’ इथे जपून. खाती वेगळी झाली तरी सिम तेच राहतं. नव्या युजरला कॉल आणि एसएमएस सुरुवातीला बंद असतात. ‘आजीला फोन करता यावा’ म्हणून आपणच ते बटण चालू करतो आणि त्यासोबत कॉलची यादी व एसएमएसही तिच्या खात्यात दिसू लागतात, म्हणजे ओटीपीसुद्धा. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीपासून बँकेपर्यंत सगळं ओटीपीवर चालतं, तेव्हा हे बटण किरकोळ नाही. माझं मत विचाराल तर, मुलांच्या खात्यात ते बंदच असावं.

यूपीआयचंही तसंच. बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम फोनमध्ये असावं लागतं. नुसतं नवं खातं करून आईचं यूपीआय बाबांच्या सिमवर सुरू होत नाही. ‘भाजीपुरते पैसे तिला देता यावेत’ एवढ्यासाठीच फोनची देवाणघेवाण होत असेल, तर २०२४ मध्ये आलेलं ‘यूपीआय सर्कल’ बघा. स्वतःच्या साध्या स्मार्टफोनवरून घरातला दुसरा माणूस तुमच्या खात्यातून महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत खर्च करू शकतो, पिन न सांगता. अशी पाच माणसं जोडता येतात.

‘प्रत्येक फोनमध्ये ही सोय असते’ म्हणणाऱ्याने आपली सेटिंग्ज उघडून पाहावीत. पिक्सेल, मोटोरोलात ती मिळते. सॅमसंगच्या टॅबलेटमध्ये आहे, फोनमध्ये नाही. तिथे ‘सिक्युअर फोल्डर’वर भागवावं लागतं. शाओमीच्या बऱ्याच फोनांत ‘सेकंड स्पेस’ असते. आयफोनमध्ये काहीच नाही, कितीही महागाचा घ्या.

लोकलवाल्यांसाठी एक बारीक गोष्ट. मोबाइलवरचा पास अ‍ॅपमध्येच दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट चालत नाही. रात्री फोन मुलीच्या खात्यात राहिला असेल, तर सकाळी टीसीसमोर आधी आपल्या खात्यात परतावं लागतं. ते प्लॅटफॉर्मवरच उरका.

‘दुरुस्तीवाल्याला पासवर्ड द्यावाच लागतो’ ही समजूत इतकी पक्की आहे, की उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या दुकानात फोन टेकवताच आपण तो सांगून टाकतो आणि कारागीर तो फोनच्याच पाठीवर चिकटपट्टी लावून पेनाने लिहितो. दिवसभर तो फोन काउंटरवर तसाच! सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत ‘मेंटेनन्स मोड’ आहे, पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’. हेही खरं तर कारागिरासाठी उघडलेलं वेगळं खातंच. त्याला कॅमेरा, स्पीकर, स्क्रीन तपासता येते. तुमचे फोटो, मेसेज दिसत नाहीत. फोन परत आला की आपल्या लॉकने तो मोड बंद करायचा. स्क्रीन पूर्ण काळी पडल्यावर मात्र हे जमत नाही, म्हणून ती नुसती तडकलेली असतानाच फोन न्यावा.

शेवटी, फोन विकताना घरच्यांची खाती उडवली म्हणजे तो मोकळा झाला असं नाही. मालकाचं गुगल खातं आधी सेटिंग्जमधून काढा, मग फॅक्टरी रीसेट करा. उलट्या मार्गाने, बटणं दाबून रीसेट केलात, तर फोन नव्या माणसाकडे तुमच्याच खात्याचा पासवर्ड मागत बसेल.