हुजरा ते केसपेपर

मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची, नमाज आटोपून माणसे बाहेर पडू लागतात त्या वेळी भिवंडी, मुंब्रा किंवा कल्याण येथल्या एखाद्या जुन्या मशिदीच्या पायऱ्यांशी जो कोणी उभा राहील त्याला बहुधा एक दृश्य दिसेल: कडेवर किरकिरे मूल घेतलेल्या, हातात पाण्याचा पेला किंवा बाटली धरलेल्या पाच-सात बाया एका अंगाला रांगेने उभ्या आहेत, आणि बाहेर येणारा नमाजी, मग तो यंत्रमागावरचा कामगार असो की फळांची गाडी लावणारा, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटून मुलाच्या तोंडावर व पाण्यावर फुंकर घालीत पुढे जात आहे. त्या रांगेत बुरख्यातल्या स्त्रिया असतात, तशाच कपाळावर कुंकू आणि गळ्यात मंगळसूत्र असलेल्याही असतात. फी नाही, केसपेपर नाही, नंबर लावणे नाही. या फुंकरीने मुलाचे रडे थांबते की नाही, हा वाद येथे घालण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. घरातल्या दुखण्याची पहिली वर्दी सरकारी दवाखान्याच्या आधी मशिदीच्या पायरीला लागते, एवढीच त्यातली मला महत्त्वाची वाटणारी बाब आहे.

मशिदीचा कारभार बाहेरून दिसतो त्याहून पुष्कळ पसरट असतो. मिळकतीची देखरेख मुतवल्लीकडे, म्हणजे व्यवस्थापकाकडे, किंवा विश्वस्तांच्या कमिटीकडे असते, वक्फ म्हणून नोंद असेल तर १९९५च्या कायद्यान्वये हिशेब वक्फ मंडळाला द्यावा लागतो, इमामाचा तुटपुंजा पगार कमिटीच्या हाती असतो, आणि गरजूंसाठी पैसा जमविणे, मय्यतीची खाट आणि दफनाचा बंदोबस्त करणे, वाटसरूला रात्रीपुरता आसरा देणे ही कामे त्याच चौकटीत उरकली जातात. मशिदीला लागून इमामाची एक खोली असते, तिला हुजरा म्हणतात: एक चटई, कपाटात थोड्या किताबा, खुंटीवर अंगरखा, भिंतीला नमाजांच्या वेळांचे कॅलेंडर. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या, नमाजेनंतर या खोलीत जे लोक येऊन बसतात त्यांची गाऱ्हाणी ऐकली, तर मनोविकारतज्ज्ञाच्या बाह्यरुग्ण विभागाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कोणाचा जीव घाबरतो, कोणाची झोप उडाली आहे, कोणाचा मुलगा नशेच्या गोळ्या खातो, कोणी सुनेवर ‘असर’, म्हणजे बाधा, झाल्याचे सांगतो. शिवाय खांद्याला खांदा लावून उभी राहणारी ती नमाजींची रांग, सफ, हिच्यात रोजचा माणूस तीन-चार दिवस दिसला नाही तर शेजारच्याला ते जाणवते. इतके नियमित हजेरीपत्रक शासनाच्या कोणत्याही आरोग्ययोजनेपाशी नाही.

आणि या हजेरीपटावरच्या माणसांवर भार थोडा नाही. मुंब्रा हे मूळचे खाडीकाठचे, कोकणी मुसलमानांचे गाव. १९८२ साली ते ठाणे महापालिकेत आले आणि १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली कुटुंबेच्या कुटुंबे जीव मुठीत धरून तेथे उतरली, तेव्हापासून त्याची वाढ झाली ती आराखड्यापेक्षा भीतीच्या रेट्याने. भिवंडीने १९७० आणि १९८४ या दोन सालांच्या दंगली भोगल्या. तिच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये बारा-बारा तासांची पाळी करणारा कामगार पुष्कळदा उत्तर प्रदेशातून किंवा बिहारमधून एकटा आलेला असतो, मागांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचेही बोलणे त्याला ऐकू येत नाही, पाळी संपली की सामाईक खोलीतली दुसऱ्याने नुकतीच मोकळी केलेली पथारी त्याच्या वाट्याला येते. आणि नोटाबंदी, वस्तू व सेवा कर, टाळेबंदी अशा लागोपाठच्या तडाख्यांनी माग बंद पडले तेव्हा गावी काय तोंड दाखवायचे ही विवंचना त्याला एकट्यालाच गिळावी लागली. २००६ साली आलेल्या सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिमबहुल वस्त्यांतील दवाखान्यांची आणि इतर सोयींची वाण नोंदविली आहे. त्याच अहवालात एक गोष्ट मात्र सहसा कोणी वाचीत नाही: दारिद्र्य असूनही या समाजात बालमृत्यूंचे प्रमाण हिंदूंच्या तुलनेने कमी आढळले. म्हणजे आरोग्याची कळकळ तेथे नाही, हा आपल्याकडचा रूढ समज कागदपत्रांनी तरी खोटा ठरविला आहे.

दुसऱ्या टोकाला ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नरोत्तमदास माधवदास यांच्या देणगीतून १९०१ साली उभे राहिलेले हे रुग्णालय राज्यातल्या अशा चार रुग्णालयांपैकी एक. पुणे, नागपूर आणि रत्नागिरी ही उरलेली तीन. मुंबई-ठाण्याच्या बोलण्यात ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा इतकी रुळली आहे की, ज्याला खरोखरच ठाण्याला जाण्याची गरज असते त्याच्या घरचे लोक त्या फाटकाचे नाव घ्यायलाही धजत नाहीत. याच शहरात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ स्थापन केली आणि मनाच्या आरोग्याची भाषा मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यापर्यंत नेली. परंतु ती भाषा नौपाड्यात जितक्या सहजतेने बोलली जाते तितक्या सहजतेने ती मुंब्र्याजवळच्या कौसाच्या गल्लीत पोहोचली, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नाहीत. हा सर्वांचाच आकडा आहे. त्यात दारिद्र्य, भाषेचे अंतर आणि कचेरीत नाव सांगताना वाटणारा संकोच यांची भर पडली म्हणजे मुंब्र्याहून लोकलने काही मिनिटांवर असलेले रुग्णालय किती दूर जाते, याचा अदमास कोणालाही करता येईल.

इस्लामी परंपरेला मनाचे दुखणे अपरिचित होते, असेही नाही. अबू झैद अल्-बल्खी या नवव्या-दहाव्या शतकातल्या विद्वानाने शरीर आणि मन या दोहोंच्या निगेवर ग्रंथ लिहिला, त्यात भय, क्रोध, खिन्नता आणि मनात पुन्हापुन्हा घोळणारे नकोसे विचार यांचा वेगवेगळा विचार केला आणि शरीराप्रमाणे मनालाही पथ्य असते हे मांडले. ऑटोमन सुलतान दुसरा बायेझिद याने एदिर्ने येथे १४८८ साली जी मशीद पुरी केली तिच्याच संकुलात रुग्णालय होते, आणि तेथे मनोरुग्णांवर कारंज्याचा नाद, सुगंध आणि संगीत यांच्या साहाय्याने उपचार होत. मशीद आणि इस्पितळ एका आवारात असणे हे आजच्या कोणा सुधारकाचे नवे खूळ नव्हे, इतके या दाखल्यावरून मुतवल्लींना निःसंकोच सांगता येईल.

आपल्याकडे मात्र मनोरुग्णाची वाट मशिदीपेक्षा दर्ग्याकडे अधिक वळली. कल्याणजवळ मलंगगडावर हाजी मलंगबाबांचा दर्गा आहे. त्याची वहिवाट कल्याणच्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे पेशवाईपासून चालत आली. १८१७ साली त्यावर तक्रार झाली तेव्हा तीनदा चिठ्ठ्या टाकण्यात आल्या आणि तिन्ही वेळा केतकरांच्याच प्रतिनिधीचे नाव निघाले, अशी नोंद जुन्या गॅझेटियरात आढळते. (या गडाच्या मालकीचा वाद अजून धुमसतो आहे, त्यात मी शिरत नाही.) बाधा झाली म्हणून माणसांना घेऊन डोंगर चढणाऱ्यांत हिंदू आणि मुसलमान दोन्ही असतात. त्यांना हसणे सोपे आहे. परंतु ज्या घराला कोणीच धीर दिलेला नसतो त्या घराला चार माणसांत बसून रडण्याची जागा तेथे मिळते, आणि ही गोष्ट मी तुच्छ मानीत नाही. धोका सुरू होतो तो साखळीपासून. तामिळनाडूतल्या एर्वाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने चाललेल्या एका खाजगी आश्रमाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण जागच्या जागी मेले. पुढे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्यास साफ मनाई केली. त्याआधीच दुसरा एक मार्ग निघाला होता: गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८पासून ‘दवा-दुआ’ हा उपक्रम सुरू झाला, ज्यात मुजावर, म्हणजे दर्ग्याचा सेवेकरी, दुआ करतो आणि तोच मुजावर रुग्णाला आवारातल्या डॉक्टरकडे धाडतो. दोघांपैकी कोणालाही आपली गादी सोडावी लागली नाही, हे त्या योजनेतले खरे शहाणपण.

ठाणे जिल्ह्यात मशिदीने दवाखान्याचे काम अंगावर घेतल्याचा सर्वांत ठळक दाखला भिवंडीचा आहे. २०२०च्या उन्हाळ्यात करोनाची साथ यंत्रमागांच्या दाट वस्तीत शिरली, बरेचसे खाजगी दवाखाने बंद होते, आणि सरकारी इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, अशी वदंता घरोघर फिरत होती. अशा वेळी शांतीनगरची मक्का मशीद, जेथे टाळेबंदीमुळे सामुदायिक नमाज बंदच होती, रुग्णांसाठी उघडण्यात आली: जमाते इस्लामी हिंद, मूव्हमेंट फॉर पीस अँड जस्टिस आणि शांतीनगर ट्रस्ट यांनी मिळून तेथे प्राणवायूच्या सोयीसह पाच खाटा मांडल्या, आणि ज्यांना घरीच राहणे शक्य होते त्यांच्याकडे प्राणवायूची नळकांडी पोहोचती केली. उपचार विनामूल्य होता आणि जातिधर्माची विचारणा नव्हती. पाच खाटा म्हणजे एवढ्या मोठ्या शहरात काय, असे कोणी विचारील. परंतु ज्या माणसाचा श्वास भीतीनेच अर्धा कोंडला आहे त्याला ओळखीच्या छपराखाली, ओळखीच्या माणसांनी, नाकाला नळी लावून देणे हा फुप्फुसांइतकाच मनावरचाही इलाज होता, आणि इस्पितळाविषयीची दहशत ओसरायला अशा जागांची मदत झाली असली पाहिजे असे मला वाटते. ओळखीच्या माणसांवर विसंबण्याचा हा धडा भिवंडीला नवा नव्हता: १९८४च्या दंगलीनंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या होत्या, आणि डिसेंबर १९९२मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली ती त्या बळावर. सरकारी अंमलदार मोहल्ल्यात जाऊन चटईवर बसला की भिवंडी ऐकते.

साथ ओसरली, खाटा उचलल्या गेल्या, आणि मनाच्या दुखण्यासाठी तशी स्थायी व्यवस्था अजून व्हायची आहे. हैदराबादेत हेल्पिंग हँड फाउंडेशनने मशिदीच्या आवारात प्राथमिक दवाखाना चालवून दाखविला आहे. आपल्याकडे इमारती आहेत, जागा आहे, शुक्रवारची गर्दी आहे. अडते ते इमामापाशी, आणि त्यात त्याचा दोष थोडा. मदरशात त्याला फिक्ह, म्हणजे धर्मशास्त्र, शिकवले, हदीस शिकवली. उदासीनतेचा रुग्ण आणि आळशी माणूस यांतला भेद कोणी शिकवला नाही. मग हुजऱ्यात आलेल्या खचलेल्या तरुणाला तो इमान कमजोर झाल्याचे सांगतो, नमाज वाढवायला लावतो, आणि आधीच स्वतःला अपराधी समजणाऱ्या त्या जिवावर अपराधाचा आणखी एक थर चढतो. आत्महत्या निषिद्ध असल्याचे भय कित्येकांना कडेलोटापासून मागे ओढते, हे खरे; पण त्याच भयापायी असा विचार मनात आला होता हे कोणी बोलून दाखवीत नाही. इमामाला मानसोपचारक करण्याची मुळीच जरूर नाही. झोप, भूक, बोलणे आणि जगण्याची इच्छा या चार गोष्टींविषयी त्याने विचारावे, आणि उत्तर गंभीर वाटले तर रुग्णासोबत एक माणूस देऊन ठाण्याची किंवा कळव्याच्या महापालिका रुग्णालयाची वाट धरायला लावावी, एवढे पुरे. २०२२पासून चालू असलेल्या टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक नमाजांच्या वेळांच्या फळ्यावर लिहायला खडूखेरीज खर्च नाही.

परंतु फळा लागतो तो आतल्या भिंतीवर, आणि आपल्या बहुतेक मशिदींच्या आत स्त्रिया जात नाहीत. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने २०२० साली सर्वोच्च न्यायालयात स्त्रियांना मशिदीत मज्जाव नाही असे प्रतिज्ञापत्र दिले; व्यवहार प्रतिज्ञापत्राने बदलत नसतो. नवरा आखातात, सासू आजारी, दोन खोल्यांत आठ माणसे, अशा घरातली जी बाई रात्रभर छताकडे डोळे लावून पडते तिच्यापर्यंत जुम्याचे, म्हणजे शुक्रवारच्या नमाजेचे, बयान नवऱ्याच्या किंवा दिराच्या तोंडून पोहोचते, आणि तेही पोहोचवण्याजोगे वाटले तर. म्हणून मशिदीवरच सारी भिस्त ठेवणाऱ्यांशी माझे जमत नाही. मुंब्र्यात ‘आवाज-ए-निस्वाँ’ या स्त्रियांच्या संघटनेने मुलींसाठी वाचनालय चालवले, ‘परचम’ या संस्थेने २०१२मध्ये मुलींना फुटबॉल खेळायला मैदानात उतरवले, या गोष्टींची गणना कोणी मानसिक आरोग्यात करीत नाही, ती करावी असे माझे मत आहे. मशिदीने निदान पायरीवरच्या त्या रांगेजवळ एक टेबल मांडून तेथे आशा कार्यकर्तीला बसू द्यावे. परवानगी देणारी कमिटी सगळी पुरुषांची असते, तेव्हा हे मागणे त्यांच्यापुढे पुन्हापुन्हा मांडावे लागेल.

तोवर एक काम असे आहे, जे मशिदीवाचून दुसऱ्या कोणाला साधणार नाही, आणि ते रमजानचे आहे. त्या महिन्यात मशिदी तुडुंब भरतात आणि त्याच महिन्यात नियमाने गोळ्या घेणारा रुग्ण रोजासाठी त्या सोडून देतो. काही औषधांची वेळ सहरी आणि इफ्तार यांच्याकडे सरकवता येते; पण लिथियम घेणाऱ्याच्या अंगातले पाणी उन्हाळ्याच्या दिवशी कमी झाले तर औषधाचे रक्तातले प्रमाण विषारी पातळीपर्यंत चढू शकते, आणि औषध एकाएकी थांबवले तर मोठ्या कष्टाने आवरलेला उन्माद उसळून येतो. डॉक्टरने रोजा सोडायला सांगितला तर घरात डॉक्टरच अधर्मी ठरतो. आजाऱ्याला रोजाची सवलत आहे, ती शरियतेने दिलेली आहे आणि ती घेण्यात गुन्हा नाही, हे मिंबरवरून, म्हणजे प्रवचनाच्या आसनावरून, इमामाने सांगितले तर त्यावर अपील राहत नाही. ही सूचना रमजानच्या चंद्रदर्शनानंतर देऊन उपयोग नाही. रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यातल्या जुम्यांना ती दिली गेली, तर रुग्णाला केसपेपर काढून, डॉक्टरला भेटून, मात्रा व वेळा ठरवून घ्यायला दोन-तीन आठवडे हाताशी राहतात.