ज्वर उतरल्यानंतर : चिकुनगुन्या आणि मधुमेह

चिकुनगुन्याचा ताप बहुधा आठवड्याच्या आंत उतरतो आणि घरांतील मंडळींना हायसें वाटतें. परंतु रोगी अंथरुणावरून उठूं लागला, कीं खऱ्या दुखण्याची ओळख पटूं लागते. सकाळीं मूठ मिटत नाहीं, तांब्या उचलतांना मनगट कळवळतें, पाऊल टेकतांना घोटा ठणकतो. या रोगाचें नांवही याच अवस्थेवरून पडलें आहे. १९५२-५३ सालीं टांगानिकांत, म्हणजे हल्लींच्या टांझानियांत, मकोंडे लोकांच्या मुलुखांत त्याची साथ आली. वेदनेनें वांकून जाण्याचा अर्थ सांगणारा त्यांच्या बोलींतील शब्द वैद्यकानें तसाच उचलला.

महाराष्ट्राला हा पाहुणा अपरिचित नाहीं. १९७३ सालीं बार्शीस त्याची साथ झाली. पुढें तीस वर्षांहून अधिक काळ तो फारसा दिसला नाहीं, आणि २००६ सालीं देशभर पसरला तेव्हां संशयित रोग्यांची संख्या तेरा लाखांवर गेली. दिवसा चावणारा एडीस डांस त्याचा वाहक होय. तो कुंड्याफुलदाण्यांत साठलेल्या स्वच्छ पाण्यांतही वाढतो, त्यामुळें नीटनेटक्या घरांनाही अभय नाहीं.

बहुतेकांचे सांधे कांहीं आठवड्यांत मोकळे होतात. कांहींचे मात्र महिनोन् महिने, क्वचित् वर्षानुवर्षें, धरलेले राहतात. उतारवय, पूर्वींचा संधिविकार किंवा मधुमेह असतां हें रेंगाळणें अधिक संभवतें, असें अनेक पाहण्यांत दिसून आलें आहे. मधुमेही माणसाच्या शरीरांत मंद दाह पुष्कळदां आधींच धुमसत असतो. विषाणूनें चेतविलेला दाह त्यावर येऊन पडतो. शिवाय ज्वर आला, कीं शरीर इन्सुलिनच्या विरुद्ध काम करणारे स्राव अधिक सोडतें आणि रक्तांतील साखर वाढते. ताप गेला तरी सांध्यांमुळें फिरणें बंद पडलेलें असतें, म्हणून ती लवकर खालीं येत नाहीं.

येथेंच घोटाळ्यास आरंभ होतो. रोग्याला थकवा येतो, तहान लागते, तळपायांची आग होते, आणि घरांत सर्वांचा निष्कर्ष एकच : "तापाची कसर आहे, जाईल हळूहळू." तो कधीं खराही असतो. पण थकवा व तहान यांचें मूळ वाढलेल्या साखरेंत असूं शकतें, तळपायांची आग मधुमेहानें दुखावलेल्या मज्जातंतूंची असूं शकते, आणि हात वर जाऊं न देणारा आंखडलेला खांदा तर मधुमेह्यांत एरव्हींही अधिक आढळतो. दुखण्याचा धनी कोण, हें अंदाजानें ठरत नाहीं. रक्त तपासावें लागतें, पाय तपासावे लागतात.

उपचारांतही असाच पेच आहे. सांधे सुजले म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या दुकानांतून परस्पर आणल्या जातात. त्या मूत्रपिंडांना जड जातात, आणि मधुमेह्याचीं मूत्रपिंडें अनेकदां आधींच दुबळीं झालेलीं असतात. स्टेरॉइडनें आराम लवकर पडतो, म्हणून तें हवेंहवेंसें वाटतें. पण साखर तें झपाट्यानें चढवितें. सकाळीं प्रेड्निसोलोन घेणाऱ्याची साखर दुपारपासून रात्रीपर्यंत चढलेली असते, आणि दुसऱ्या दिवशीं उपाशीपोटीं तपासल्यास बरीचशी ठीक दिसूं शकते. केवळ सकाळच्या आंकड्यावर विसंबणारीं घरें येथें फसतात. औषध नकोच असें नव्हे. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, जेवणानंतरची साखर पाहत, मोजके दिवस घेतल्यास निवडक रोग्यांना त्याचा उपयोग होतो.

घरगुती उपायांत शेक सर्वांत प्रिय. तो निरुपद्रवी मानला जातो. पण ज्याच्या पायांची संवेदना मधुमेहानें मंदावली आहे, त्याला गरम पाण्याच्या पिशवीचा चटका कळतच नाहीं. फोड येतो, तो चिघळतो, आणि सांध्यांची तक्रार सांगणारा माणूस पायाच्या जखमेनें महिनाभर जागेवर खिळतो. अशा पायांना शेक देऊंच नये. हातांच्या बोटांना द्यावयाचा झाल्यास पाण्याची ऊब घरांतील दुसऱ्या कोणीं तरी आपल्या कोपरानें आधीं पाहावी, आणि शेकल्यानंतर बोटें सावकाश मिटून उघडावीं. फिरणें जमेपर्यंत खुर्चींत बसल्या बसल्या गुडघे हलविणेंही साखरेच्या दृष्टीनें वायां जात नाहीं.