उन्हाळी दुपार आणि पळसाची पत्रावळ

शेतीची कामे ओसरली की वृद्धांना उन्हाळ्याची दुपार मोठी वाटू लागते. त्यांच्या सरावाच्या हातांना पत्रावळी लावण्याचे काम सहज जमण्याजोगे आहे. पळसाची मोठी पाने खुडून, पुसून वजनाखाली सपाट करावीत. मधल्या पानाभोवती इतर पाने एकावर एक येतील अशी मांडून बांबूच्या बारीक चोयांनी टाचावीत. चोयेचे टोक वर राहू देऊ नये. या कामास भांडवल जवळजवळ लागत नाही. राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या ताटांवर बंदी आहे. तेव्हा ग्रामपंचायतींनी गावजेवणासाठी या पत्रावळी विकत घ्याव्यात आणि शिक्षकांनी सुटीतील मुलांना वृद्धांशेजारी बसवावे. ही कला आता बहुधा त्यांच्याच हाती उरली आहे. नातवंडांनी ती वेळीच उचलली नाही, तर ती त्यांच्याबरोबरच संपेल.