९ ची शाळा उन्हाळ्यात ७ ला का भरते? अकोला-अमरावतीच्या आई-बाबांची दुपार

मुलांची झोप पूर्ण व्हावी म्हणून चौथीपर्यंतची शाळा सकाळी ९ च्या आधी भरवू नये, असं राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं. पण वऱ्हाडातलं ऊन? अकोल्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४४ च्या पुढे जातो. म्हणून मार्च २०२५ मध्ये प्राथमिक शाळांना उन्हाळ्यापुरती ७ ते ११.१५ ही वेळ ठरली.

मूल ऊन तापायच्या आत घरी येतं, हे बरंच आहे. पण आई-बाबा दोघंही कामावर असतील तर दार कोण उघडणार? आजी, नाहीतर शेजारच्या काकू. दोन्ही नसतील तर अर्ध्या दिवसाची रजा!

जूनमध्येही तेच. २०२५ ला राज्यात शाळा १६ जूनला उघडल्या, विदर्भात उन्हामुळे २३ ला. तिथेही पहिले काही दिवस सकाळचीच शाळा. म्हणजे डबा पहाटेच, आणि दुपारी पुन्हा आजीला फोन.