परसातले तळे आणि त्यातील मासे

कुंभकोणमहून कावेरीच्या काठाकाठाने पश्चिमेकडे थोडे गेले म्हणजे स्वामीमलै लागते. मुरुगनाच्या सहा प्रमुख क्षेत्रांपैकी हे एक. पुत्राने पित्याला प्रणवाचा अर्थ येथे सांगितला, अशी श्रद्धा आहे. देवालयाच्या साठ पायऱ्या साठ संवत्सरांच्या मानल्या जातात. पायथ्याच्या वस्तीत पंचधातूच्या मूर्ती ओतणारे स्थपती राहतात आणि मेणाच्या प्रतिमेवर लिंपण्यासाठी ते कावेरीचाच मऊ गाळ वापरतात. व्यंकोजीराजांपासून तंजावरच्या भोसल्यांच्या छायेत नांदलेला हा मुलूख मराठी माणसाला परका नाही.

मूर्तीची बारीकशी रेघही टिपून घेणाऱ्या या चिकण गाळात पाणीही चांगले धरून राहते. म्हणून कावेरीच्या या त्रिभुज प्रदेशात देवळापुढे तळे, गावाबाहेर तळे आणि जागा असेल तर परसातही लहानसे तळे, ही गोष्ट नवलाची नाही. तळे खणले म्हणजे त्यात मासे असावेत असे वाटते. घरात खाण्यासाठी, डासांचा उपद्रव कमी व्हावा म्हणून किंवा केवळ मुलांना पाहण्यासाठी. मग कोणीतरी बादलीभर पिल्ले आणून देतो, ती पाण्यात सोडली जातात आणि निवडीचा विचार तेथेच संपतो. वास्तविक तो तेथून सुरू व्हावयास हवा. पिल्ले पाण्यात सोडण्यापूर्वी गृहस्थाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न पाण्याचा. मेट्टूरच्या धरणातून पाणी सोडण्याचा परंपरागत दिवस १२ जून आणि ते बंद करण्याचा २८ जानेवारी. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्येचा पाऊस तळी भरतो. पुढे एप्रिल-मेमध्ये कालवे कोरडे असतात, ऊन कडक असते आणि तळ्याची खरी परीक्षा होते. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश उष्णतेच्या एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांवर साडेसातच्या आसपास. त्यातच पाण्यातील शेवाळ दिवसा प्राणवायू देते, पण रात्री स्वतःच तो वापरते. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडझाप करू लागले तर ते खेळत नसून गुदमरत आहेत, असे समजावे. म्हणून माशांची संख्या जूनमधील भरल्या तळ्याकडे पाहून ठरवू नये. मे महिन्यात उरणाऱ्या पाण्यावरून ठरवावी.

हिशेब सोपा आहे. मत्स्यसंवर्धनात एका हेक्टर पाण्यात पाच ते दहा हजार बोटुकली सोडण्याचा प्रघात आहे. कमीत कमी प्रमाण धरले तर दोन चौरस मीटरला एक मासा पडतो. परसातले तळे आठ मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि दीड मीटर खोल असेल, तर वीस मासे पुरेत. शंभर सोडल्याने उत्पन्न पाचपट होत नाही. बहुधा एखाद्या पहाटे सारे तळेच हातचे जाते.

दुसरा प्रश्न संततीचा. कटला, रोहू आणि मृगळ यांची कीर्ती मोठी आहे, आणि तिचे कारणही तसेच आहे. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. म्हणून तिघे एकमेकांच्या ताटात हात घालीत नाहीत. शिवाय हे मासे साचलेल्या पाण्यात आपोआप वीण घालीत नाहीत. त्यांना पुराच्या वाहत्या पाण्याची चाहूल लागते. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी मस्तकग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन अशा माशांचे प्रजनन घडवून आणले आणि तेव्हापासून बीज मिळणे सुलभ होत गेले. गृहस्थाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की, वीस सोडले तर वीसच राहतात. मात्र कटल्याला ऐसपैस जागा लागते. चाळीस चौरस मीटरांच्या तळ्यात रोहू आणि मृगळ मुख्य असावेत, कटले दोन-तीनच.

याच्या नेमके उलट तिलापियाचे. १९५२ साली लंकेतून मंडपमला आणलेला हा आफ्रिकी मासा आज तमिळनाडूत जिलेबी या गोड नावाने घरोघर ठाऊक आहे. त्याची मादी अंडी तोंडात धरून उबवते, पिल्ले दोन-तीन महिन्यांतच वयात येतात आणि वर्षातून अनेकदा वीण होते. लहान तळ्यात हे वरदान शाप ठरते. अन्न तेवढेच राहते, तोंडे शतपट होतात आणि हातात येतात ती बोटभर खुरटलेली मासळी.

तिसरा प्रश्न पुराचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. या सपाट प्रदेशात पावसाळ्यात परसातले तळे, शेताचा चर, कालवा आणि कावेरी हे सारे एक होऊन जाते. आपल्या कुंपणात सोडलेला मासा आपल्या कुंपणात राहील याची खात्री कोणालाच देता येत नाही. आफ्रिकी मागूर हा खादाड, हवेतूनही श्वास घेणारा मासा अशा रीतीने नदीत गेला तर इतर माशांचा फडशा पाडतो. त्याच्या संवर्धनावर भारतात बंदी आहे, तरी स्वस्त आणि झटपट वाढणारा म्हणून तो अजून कोठे कोठे विकला जातो. तो घेऊ नये. रोहू आणि कटला हेही मूळचे कावेरीचे नव्हेत, उत्तरेकडून आणलेले आहेत. परंतु ते येथे फार पूर्वीच आले आणि तळ्यातल्या तळ्यात वाढत नाहीत, एवढा फरक लक्षात घ्यावा.

मग अगदी लहान, हौदाएवढ्या तळ्याने काय करावे? तेथे मोठ्या माशांचा मोह सोडावा. कोकणात ज्याला कालुंदर आणि केरळात करिमीन म्हणतात, तो दक्षिणेचा स्वतःचा मासा आहे. खाडीचा असला तरी गोड्या पाण्यात राहतो, शेवाळ खातो आणि पिल्लांची राखण करतो. चार-सहा कालुंदर अशा जागी शोभून दिसतात. डासांसाठी परदेशी गंबुसिया आणण्याचे कारण नाही. डोक्यावर चांदीसारखा ठिपका मिरवणारे बोटाच्या पेराएवढे देशी मासे भाताच्या चरांतून सापडतात आणि डासांच्या अळ्या आवडीने खातात. मरळ मात्र यांच्या सोबतीला ठेवू नये. तो सोबत्यांनाच गिळतो.

शेवटी स्वामीमलैसारख्या गावात एक सूचना विशेष आवश्यक आहे. तांब्यापितळेची भांडी किंवा मूर्ती चिंचेने उजळल्यावर ते पाणी तळ्यात जाऊ देऊ नये. विरघळलेले तांबे अल्प प्रमाणातही माशांना मारक असते. देवाला जे तेज येते, ते माशांच्या जिवावर येऊ नये.

तळे लहान असले तरी ते नदीचेच एक टोक आहे. पाणी जोखून, संख्या आवरून आणि शेजारच्या नदीचे भान ठेवून जो मासे निवडतो, त्याच्या तळ्यात पुढल्या मे महिन्यातही पाणी हलताना दिसते.