बीजहीन केळीवर नवा संस्कार

बुऱ्हाणपूरहून रावेरकडे निघाले म्हणजे तापीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीवर केळीच्या बागा दिसू लागतात. मध्यप्रदेश व महाराष्ट्र यांची सीमा मध्येच कोठेतरी ओलांडली जाते. बागांना मात्र तिची खबर नसते. दोहोंकडे पीक तेच, चिंताही तीच. या एका पिकावर असंख्य कुटुंबांचा वर्षाचा संसार उभा असतो. या पिकाच्या रक्षणासाठी जीवशास्त्राने जो नवा मार्ग शोधला आहे, त्याची ओळख म्हणूनच येथील बागाइतदाराला असावयास हवी.

केळीची गणना फळझाडांत होत असली, तरी वस्तुतः ती वृक्ष नव्हे. जिला आपण खोड म्हणतो ती पानांच्या देठांची एकावर एक बसलेली गुंडाळी होय; खरे खोड म्हणजे जमिनीतील कंद. शिवाय खाण्याच्या केळीत बी नसते. बहुतेक सजीवांच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात, तर या केळीत ते तीन असतात. त्यामुळे बीजधारणा होत नाही. साहजिकच लागवड कंदापासून, मुनव्यांपासून किंवा प्रयोगशाळेत वाढविलेल्या ऊतिसंवर्धित रोपांपासून करावी लागते. ‘ग्रँड नैन’ अथवा ‘जी-९’ या वाणाची लाखो झाडे ही एकाच मूळ झाडाच्या प्रतिकृती आहेत असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

या एकरूपतेमुळे घड सारखे येतात व व्यापार सुलभ होतो. पण जो रोग एका झाडाला मारू शकतो, तो सर्वांनाच मारू शकतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बाजारात ‘ग्रो मिशेल’ या वाणाचे राज्य होते. ‘पनामा’ नावाच्या मर रोगाने त्याच्या बागा ओस पाडल्या आणि त्याच्या जागी ‘कॅव्हेंडिश’ गटातील केळी आली. ‘ग्रँड नैन’ याच गटातील. आता त्याच बुरशीचा ‘टीआर-४’ हा वंश कॅव्हेंडिशलाही मारू लागला आहे. भारतात तो प्रथम बिहार व उत्तर प्रदेशात आढळला आणि पुढे गुजरात व मध्यप्रदेशापर्यंत येऊन पोहोचला. ही बुरशी मातीत अनेक दशके तग धरते, आणि रोगट झाडाला बरे करील असे औषध नाही. खानदेशात ‘हरण्या’ म्हणून ओळखला जाणारा विषाणुरोग निराळा. तो मावा किडीमार्फत पसरतो. परंतु त्यावरही रोगट झाड उपटून नष्ट करण्याखेरीज उपाय नाही.

मग रोगाला दाद न देणारा वाण संकराने का निर्माण करू नये? कारण संकराला बी लागते, आणि बी तर येथे नाही. आंब्यासारख्या झाडांत बी असते. पण रोपाला फळ धरावयास वर्षे लागतात, आणि संकरात मूळची गोडी टिकेलच याची शाश्वती नसते. म्हणूनच वाणाचे बाकीचे गुण अबाधित ठेवून एकच गुण वाढविणारी जनुकरोपणाची पद्धत फळबागांना विशेष मोलाची ठरते.

ही पद्धत अशी. केळफुलाच्या आतील कोवळे नरफुलोरे कापून पोषक द्रव्यावर ठेवतात. काही महिन्यांनी त्यांतून अशा पेशी मिळतात की, प्रत्येकीपासून अखंड झाड उभे राहू शकते. या पेशींत हवे ते जनुक पोहोचविण्याचे मार्ग मुख्यतः दोन. पहिला ‘अ‍ॅग्रोबॅक्टेरियम’ नावाच्या मातीतील जीवाणूचा. हा जीवाणू स्वभावतःच आपल्या जनुकांचा एक तुकडा वनस्पतीच्या पेशीत सोडून तेथे गाठी निर्माण करतो. शास्त्रज्ञ गाठी करणारी जनुके काढून टाकतात व त्या जागी उपयुक्त जनुक ठेवतात. ते पोहोचविण्याचे काम जीवाणू करतो. दुसरा मार्ग म्हणजे सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर जनुकांचा लेप देऊन ते कण वायूच्या दाबाने पेशींत घुसविणे. 1995 साली या दोन्ही मार्गांनी केळीत जनुकरोपण साधले. मुंबईजवळील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनीही परदेशी सहकाऱ्यांसमवेत ‘रसथाळी’ या भारतीय वाणात ते करून दाखविले. त्याचा वृत्तांत 2001 मध्ये प्रसिद्ध झाला.

मर रोगाविरुद्धचे मोठे यश ऑस्ट्रेलियातले आहे. क्वीन्सलंड तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या जेम्स डेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रानकेळीतील रोगप्रतिकारक जनुक कॅव्हेंडिशमध्ये घातले. रोगग्रस्त जमिनीत तीन वर्षे चाललेल्या चाचणीत साध्या केळींपैकी बहुतेक रोगाला बळी पडल्या. नव्या केळीचा एक वंश मात्र पूर्णतः निरोगी राहिला. 2017 मध्ये हे निष्कर्ष जाहीर झाले आणि फेब्रुवारी 2024 मध्ये ‘क्यूकॅव्ह-४’ या नावाने तिच्या लागवडीस व सेवनास तेथे मान्यता मिळाली.

भारतात जनुकरोपित केळ शेतकऱ्याच्या हाती अद्याप आलेली नाही. तिला 1989 च्या नियमांनुसार कसोट्यांतून जावे लागते. परके जनुक न घालता मूळच्याच जनुकात सूक्ष्म फेरफार करण्याच्या काही प्रकारांना मार्च 2022 मध्ये यातील काही नियमांतून सूट मिळाली. मोहाली येथील संस्थेत या तंत्राने केळीवर यशस्वी प्रयोग झाले आहेत.

तथापि एक गोष्ट विसरून चालणार नाही. नवी केळही अखेर एकाच झाडाची प्रतिकृती असणार. आज हरलेली बुरशी उद्या नवे रूप घेणारच नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. तेव्हा सर्वत्र एकच वाण लावण्याची जुनी चूक नव्या वाणाने पुन्हा घडता कामा नये. आणि तो वाण हाती येईपर्यंत बुऱ्हाणपूरच्या बागाइतदाराचे संरक्षण त्याच्याच हाती आहे : खात्रीचीच रोपे घेणे, रोगट बागेतील मुनवे न आणणे, अवजारांना व पायांना लागलेली माती एका शेतातून दुसऱ्या शेतात न नेणे. बुरशीला बागेत शिरावयास चिमूटभर माती पुरते. तिला बाहेर काढण्यास मात्र एक पिढीही अपुरी पडते.