घराची किल्ली घरच्यांच्या हाती

गडकोटांच्या काळी रात्री परवलीचा शब्द सांगितल्यावाचून पहारेकरी कोणास आत सोडीत नसत. तो शब्द एकदा शत्रूस कळला, की तट कितीही भक्कम असो, त्याचा उपयोग उरत नसे. आज आपल्या साध्यासुध्या घरांतही असा एक दरवाजा आला आहे. इंटरनेटची तार ज्या लहानशा पेटीत येते, तो राउटर म्हणजेच हा दरवाजा होय. वडिलांचे निवृत्तिवेतन, मुलीच्या परीक्षेचा अर्ज, परमुलखी गेलेल्या मुलाने धाडलेला पैसा, हे सारे व्यवहार त्यातून चालतात. म्हणून त्याविषयी चार गोष्टी सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पुष्कळ घरी जोडणी करणारा कारागीर आपल्या मनाने पासवर्ड घालून जातो. कित्येकदा तर कारखान्यातून आलेलाच पासवर्ड तसाच राहतो. यात केवढा धोका आहे हे २०१६ साली जगाने पाहिले. ‘मिराई’ नावाच्या एका घातक प्रणालीने त्या वर्षी लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी तिला मोठी विद्या लागली नाही. कारखान्यात घातलेल्या साठाहून काही अधिक नावांची व पासवर्डांची यादी तिच्यापाशी होती, आणि तेवढी पुरली. २१ ऑक्टोबर रोजी अशा यंत्रांकरवी झालेल्या हल्ल्याने अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा काही तास खोळंबल्या. आपली यंत्रे यात राबविली गेली, याची बहुतेक मालकांना वार्ताही नव्हती.

तेव्हा प्रथम राउटरच्या तळाशी चिकटवलेली चिठ्ठी पाहावी. तीवर १९२.१६८.१.१ यासारखा पत्ता असतो. घरच्या वायफायला जोडलेल्या फोनवर किंवा संगणकावर, ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी, तो इंग्रजी अंकांत लिहावा. म्हणजे राउटरची पाने उघडतात. येथे पासवर्ड दोन असतात, हे ध्यानी धरावे: एक वायफायचा, दुसरा या पानांत शिरण्याचा. दोन्ही बदलावेत, व दोन्ही वेगळे ठेवावेत. सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए-३, ते नसल्यास डब्ल्यूपीए-२ निवडावे; डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत सहज फुटते, ती घेऊ नये. बाहेरून राउटर चालविण्याची सोय असल्यास ती बंद करावी. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट’ नावाची निराळी जोडणी मिळत असेल, तर त्यांना तीच द्यावी.

मात्र इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीने दिलेले नाव व पासवर्ड ज्या पानावर असतात, त्यास हात लावू नये. ते बिघडले तर घरची जोडणीच तुटते. ते कंपनीकडून विचारून आधी लिहून ठेवावे. पासवर्ड विसरल्यास राउटरच्या मागचे बारीक रिसेटचे बटण टाचणीने काही सेकंद दाबून धरता येते. परंतु त्याने कारखान्यातील मूळ मांडणी परत येते व आपण केलेले सारे बदल पुसले जातात.

पासवर्ड कसा असावा? मुलाचे नाव, जन्मसाल, फोनचा क्रमांक हे शेजाऱ्यालाही ठाऊक असते. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द सलग जोडावेत. लांबी हेच त्याचे बळ. तो दरमहा बदलण्याचेही कारण नाही. २०१७ साली अमेरिकेच्या मानक संस्थेने हाच सल्ला दिला: शब्द लांब असावा, आणि तो फुटल्याची शंका येताच बदलावा. बँकेचा पासवर्ड मात्र सर्वांहून निराळा असावा. बँकेचा म्हणविणारा कोणी फोनवर ओटीपी मागू लागल्यास तो सांगू नये, आणि फसवणूक झालीच तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे.

शेवटी एक गोष्ट. हे सारे शहरातल्या एकट्या मुलास ठाऊक असून भागत नाही. एका वहीत नीट लिहून ती दागिन्यांच्या पेटीशेजारी कुलपात ठेवावी, आणि ती कोठे आहे हे घरातील दोन वडीलधाऱ्यांस सांगावे. किल्ली घरच्यांच्याच हाती असली, तरच घर आपले.